चौथं वाक्य

बसस्थानकावर गेली बारा वर्षं तिचा आवाज घुमत होता. गाडी कुठलीही असो, उशीर पाच मिनिटांचा असो की पाच तासांचा, ती एकाच सुरात सांगायची आणि लोक ऐकून घ्यायचे. गाडी रद्द झाली असं त्या आवाजानं सांगितलं, तरी माणसं आभार मानल्यासारखी मान हलवून पुन्हा बाकावर बसायची. एकदा एक प्रवासी भलत्याच गाडीत बसून भलत्याच गावी पोचला. परत आल्यावर त्यानं तक्रारवहीत लिहिलं, ‘चूक माझीच असावी. बाईंनी नीटच सांगितलं होतं.’ चूक बाईंचीच होती.

या आवाजावर अख्ख्या शहरात एकाच माणसाचा काडीचाही विश्वास नव्हता. तो माणूस म्हणजे तिचे बाबा. एकतीस वर्षं बस चालवून ते निवृत्त झाले होते. ‘गाडी थोड्याच वेळात फलाटावर येत आहे’ असं स्पीकरवर सांगतात तेव्हा ती गाडी नक्की कुठल्या पुलाखाली टायर काढून उभी असते, हे त्यांना पाठ होतं. घरी ते तिच्या आवाजाला ‘ती बाई’ म्हणायचे. लेक वेगळी आणि ती बाई वेगळी. लेक म्हणाली बाहेर ऊन आहे, तर ते टोपी घेऊन निघायचे. त्या बाईनं सांगितलं असतं, तर आधी खिडकीतून बघितलं असतं.

साथ आली तेव्हा सरकारनं आधी ती आली नसल्याचं जाहीर केलं. मग, आली तर आमची तयारी आहे असं जाहीर केलं. मग, आली होती पण आता चालली आहे, असं. ही तिन्ही निवेदनं स्थानकावर तिनंच वाचली, एकाच सुरात, आणि तिन्ही वेळा लोकांना पटली. मग गाड्याच बंद झाल्या. तरीही स्थानक ‘सुरू’ या यादीत राहिलं होतं, त्यामुळे दर अर्ध्या तासानं घोषणा करणं भाग होतं. ती रोज हजेरी लावून रिकाम्या फलाटांना सांगायची, की फलाट क्रमांक तीनवरची गाडी रद्द करण्यात आली आहे. तीन नंबरवर एक कुत्रं झोपलेलं असायचं. ते उठून चारवर जायचं.

तिच्यासोबत ध्वनीच्या खोलीत कात्री असायचा. त्याचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण आवाजाचे तुकडे कापून जोडण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, म्हणून सगळे त्याला कात्री म्हणायचे. तिनं एकदा एक ते साठ आकडे बोलून ठेवले होते, त्यातून तो तिच्या तोंडून कुठलीही वेळ वदवून घ्यायचा. ती रजेवर असली तरी ती बाई कामावर असायची. बारा वर्षं दोघं एका खोलीत, एका पंख्याखाली बसत आली होती. तिची आई गेली तेव्हा कात्रीनं बाबांसाठी तीन दिवस घरून डबा आणला होता.

एप्रिलच्या सुरुवातीला माहिती विभागाचे साहेब स्थानकावर आले. त्यांच्या तोंडावर दोन मास्क होते आणि बोलताना ते दोन्ही खाली ओढायचे. इस्पितळात कोणाला भेटायला सोडत नव्हते आणि नातेवाइकांनी फोन करकरून डॉक्टरांना भंडावून सोडलं होतं, म्हणून सरकारनं एक फोनसेवा काढली होती. नंबर फिरवायचा, रुग्णाचा चार आकडी क्रमांक दाबायचा, की यंत्र प्रकृती सांगणार. वॉर्डातले लोक रोज प्रत्येक रुग्णापुढे एक ते चार यांपैकी एक आकडा भरणार आणि यंत्र त्या आकड्याचं वाक्य ऐकवणार. वाक्यं चार. आवाज तिचा. लोकांना या आवाजाची सवय आहे, असं साहेब म्हणाले.

पहिलं वाक्य: आपल्या रुग्णाची प्रकृती स्थिर आहे, काळजी नसावी. ते तिनं एका दमात दिलं. दुसरं: प्रकृती सुधारत आहे, लवकरच घरी सोडण्यात येईल. तेही झालं. तिसरं: प्रकृती गंभीर आहे, डॉक्टर प्रयत्नांची शर्थ करत आहेत. त्यात साहेबांना ‘शर्थ’ जरा जास्त वाटली, पण राहू दे म्हणाले.

चौथं वाक्य माणूस गेल्याचं होतं. ते अजून पक्कं व्हायचं होतं. त्यासाठी सात जणांची समिती बसली होती आणि समितीनं एक गोष्ट तेवढी ठरवली होती, की वाक्यात मृत्यूचा उल्लेख नको. लोक घाबरतात. साहेबांनी एक कच्चा मसुदा आणला होता: आपल्या रुग्णाची पुढील व्यवस्था करण्यात आली आहे. तिनं तो वाचला. साहेब म्हणाले, फार दुःखी वाटतंय, जरा हसून घ्या. तिनं हसून घेतलं. ते कात्रीला भयंकर वाटलं. अकरा वेळा झालं. बाराव्या वेळी तिचा आवाजच फाटला, तेव्हा साहेबांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, राहू द्या, समितीचं नक्की झालं की नंतर घेऊ. तिला इतकं हायसं वाटलं, की तिनं साहेबांना चहा विचारला. तो पितानाही त्यांनी दोन्ही मास्क खाली ओढले आणि तिच्या आवाजाची पुन्हा एकदा तारीफ केली.

पंधरा दिवसांनी बाबांना ताप आला.

सोमवारी सकाळी इस्पितळाची गाडी येऊन त्यांना घेऊन गेली. पायऱ्या उतरताना त्यांनी ड्रायव्हरला गियर नीट टाकत नाहीस म्हणून सुनावलं, त्यामुळे तिला धीर आला. तिच्या हातात एक चिठ्ठी पडली. क्रमांक ०४२७. सामान इस्पितळाच्या मागच्या खिडकीत द्यायचं, वॉर्डात फोन चालत नाही, चौकशी फोनसेवेवर करावी.

तिनं संध्याकाळी फोन लावला आणि क्रमांक दाबला.

“आपल्या रुग्णाची प्रकृती स्थिर आहे. काळजी नसावी,” ती तिला म्हणाली.

आपलाच आवाज कानात ऐकून आधी तिला हसू आलं. मग खरोखरच बरं वाटलं. एवढी वर्षं लोक बाकावर शांत का बसून राहतात, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. बाई बोलते छान.

मंगळवारी खिडकीतून बाबांचे वापरलेले कपडे आणि त्यांच्या हातची चिठ्ठी आली. ‘चष्मा पाठव. इथली सगळी घड्याळं वेगवेगळी वेळ दाखवतात, तुमच्या स्थानकासारखीच.’ तिनं चष्मा दिला. बुधवारी फोनवर ती बाई म्हणाली, प्रकृती गंभीर आहे. तिसरं वाक्य. ती दिवसभर तसंच दाबत राहिली, दर तासाला, आणि दर तासाला डॉक्टर प्रयत्नांची शर्थ करत राहिले. साहेबांचं बरोबर होतं, शर्थ जरा जास्तच वाटत होती.

गुरुवारी सकाळी साडेसहाला तिनं पुन्हा लावला. प्रकृती स्थिर आहे. काळजी नसावी.

ती स्वयंपाकघरात जमिनीवरच बसली आणि रडली. मग उठून चहा केला. सवयीनं दोन कप झाला, तर दुसराही तिनंच प्यायला. खालच्या मजल्यावरच्या काकूंना जिन्यातूनच ओरडून सांगितलं, की बाबा धोक्याबाहेर आले. काकूंचे यजमानही त्याच इस्पितळात होते. काकू दिवसातून चार वेळा फोनसेवेवर असायच्या आणि त्याला ‘तुझ्याशी बोलले’ असं म्हणायच्या. “अगं, सकाळीच तुझ्याशी बोलले. स्थिर आहेत म्हणालीस. तेव्हा कुठे दोन घास गेले पोटात.” ही मी नव्हे, असं तिला दरवेळी म्हणावंसं वाटायचं. पण घास जात होते, म्हणून ती काही म्हणायची नाही.

त्यानंतर बाबांची चिठ्ठी आली नाही. ती एक दिवसाआड खिडकीत सामान देत राहिली. धुतलेले बनियन, साबण, शब्दकोडी कापून लावलेली वही, आणि प्रत्येक वेळी एक पत्र. खिडकीतला माणूस दर वेळी वेगळा असायचा, किंवा एकच असेल, त्या पोशाखात ओळखू येत नसे. तो पिशवी घ्यायचा, क्रमांक लिहायचा आणि फळीवर ठेवायचा. बाबा उत्तर का देत नाहीत, म्हणून मनात पाल चुकचुकायची. मग ती फोन लावायची आणि ती बाई समजूत घालायची. स्थिर माणूस कशाला लिहील चिठ्ठ्या. मुळात त्यांना लिहायचा कंटाळा.

एकदा मात्र तिनं कात्रीला सांगितलं, की इतके दिवस रोज एकच वाक्य लागतंय, जरा आतून बघ ना. फोनसेवेची वाक्यं यंत्रात तोच लावायचा, त्यामुळे तो यंत्राच्या पडद्यावर आकडे बघू शकायचा. तिनं क्रमांकाची चिठ्ठी त्याच्यापुढे ठेवली. त्यानं क्रमांक टाकला, पडद्याकडे बघितलं, आणि बराच वेळ हेडफोनची वायर गुंडाळत राहिला. “वाक्य लागतंय ना तुला?” त्यानं विचारलं. ती हो म्हणाली. “मग झालं तर,” तो म्हणाला.

अठराव्या दिवशी ती खिडकीत गेली तर माणसानं पिशवी घेतली नाही. उलट आतून एक मोठं खोकं ढकललं. त्यात तिच्याच पिशव्या होत्या. बनियन, साबण, शब्दकोड्यांची वही. पत्रं न उघडलेली. सगळ्यात वर चष्मा.

तो म्हणाला, फळी भरली, म्हणून ज्यांचं आत कोणी नाही त्यांचं सामान परत देतोय. ती म्हणाली, आहे ना, ०४२७ आहेत. त्यानं वही उघडली, बोट फिरवलं. ०४२७ चौथ्या दिवशीच वारले होते, पहाटे. अंत्यसंस्कार पालिकेनं केले. आणि नातेवाइकांना कळवलं अशी नोंद आहे. चार दाबलं की कळवलं अशी नोंद आपोआप होते.

तिनं सांगितलं, की तिला कोणी कळवलेलं नाही. उलट आज सकाळीच ते स्थिर होते. माणसाला ते पटेना. त्यानं स्वतःचा फोन काढला, नंबर फिरवला, क्रमांक दाबला आणि स्पीकर सुरू करून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. प्रकृती स्थिर आहे, काळजी नसावी, असं फोन म्हणाला.

“बघा, म्हणतेय ना,” ती म्हणाली.

माणसानं फोनकडे बघितलं, मग तिच्याकडे बघितलं. फोनवरची आणि समोरची बाई एकाच आवाजात बोलत होत्या. अठ्ठेचाळीस तास जागा असलेल्या माणसाला हे जरा जड गेलं.

“ताई, वडील गेले म्हणून गप्प बसलोय,” तो म्हणाला. “पण अशी चेष्टा बरी नव्हे.” आणि त्यानं खिडकी लावून घेतली.

खोकं तिनं स्थानकापर्यंत दोन्ही हातांनी नेलं. रस्त्यात पोलिसानं अडवलं, कुठे निघालात म्हणून विचारलं. ती म्हणाली, कामावर. ते तिच्या तोंडून इतकं शांतपणे निघालं, की त्यानं लगेच सोडलं.

कात्री खोलीतच होता. तिनं खोकं त्याच्या टेबलावर ठेवलं आणि समोर बसली. काही विचारायची गरज पडली नाही. त्यानं चष्मा बघितला आणि स्वतःहून सगळं सांगितलं, खाली बघून, यंत्राची माहिती द्यावी तसं. चौथं वाक्य कधी घेतलंच गेलं नाही, समिती अजून बसतेय. चार आकडा आला की यंत्राला फाइल सापडायची नाही, मग ते गप्प राहायचं. लोक तक्रार करायला लागले, की फोन बंद पडलाय. साहेबांचा निरोप आला, गप्प बसणारं यंत्र बरं दिसत नाही, तात्पुरतं काहीतरी लाव. त्यानं तात्पुरतं पहिलं लावलं.

“आणि त्या दिवशी? मी क्रमांक दिला तेव्हा?”

“चार होता.”

“कात्री, त्याला आठ दिवस झाले.”

“कसं सांगायचं ते कळेना गं,” तो म्हणाला. “वाक्यच नव्हतं.”

पंखा फिरत होता. तेवढ्यात अर्धा तास झाला, आणि छतावरच्या कर्ण्यांतून ती बाई म्हणाली, की फलाट क्रमांक तीनवरची गाडी रद्द करण्यात आली आहे. कात्रीनं ते आधीच लावून ठेवलं होतं. कामात तो चोख.

घरी आल्यावर तिनं आधी काकूंचं दार वाजवलं. बाबांचं सांगितलं आणि म्हणाली, काकू, फोनवरचं खरं धरू नका, इस्पितळात जा, वहीत बघायला लावा. माझं ऐका, माझं ऐकू नका, असं काहीतरी तिच्या तोंडून निघालं. काकू आधी पांढऱ्या पडल्या, मग भिंतीला धरून बसल्या. रात्रभर खालून त्यांच्या रडण्याचा आवाज येत होता. दुसऱ्या दिवशी त्या इस्पितळात गेल्या, त्यांना फाटकातून परत पाठवलं. तिसऱ्या दिवशी काकूंचे यजमान घरी आले, आपल्या पायांनी, वाढलेल्या दाढीसकट, रिक्षावाल्याशी वाद घालत. ते खरोखरच स्थिर होते. अठरा दिवस अगदी दगडासारखे.

काकूंनी त्यानंतर तिच्याशी बोलणं सोडलं. जिन्यात दिसली की तोंड फिरवायच्या. शेजारणींना सांगताना मात्र आवाज चढवायच्या, म्हणजे वरपर्यंत जावं: फोनवर एवढी गोड बोलते, आणि दारात येऊन जिवंत माणसाला मारते. दोन दिवस दोन रात्री घशाखाली पाणी उतरलं नाही. काकू अजूनही फोनसेवेवरच्या बाईचं कौतुक करत होत्या. त्यांच्या लेखी खोटारडी होती ती वरच्या मजल्यावरची.

त्याच आठवड्यात समितीचं वाक्य मंजूर झालं. बाबा असते तर त्यांना मजा आली असती. साहेब या वेळी आले नाहीत, साहेबांना कणकण होती. ते घरून कात्रीच्या फोनच्या पडद्यावर दिसत होते. वाक्य त्यांनीच वाचून दाखवलं: आपल्या रुग्णास यापुढे उपचारांची आवश्यकता नाही.

ती म्हणाली, साहेब, हे ऐकून लोक गाडी घेऊन न्यायला येतील. साहेब म्हणाले, तो विचार समितीनं केलाय, येऊ देत, निदान येतील तरी. आणि जरा प्रसन्न आवाजात घ्या.

तिनं माइक जवळ ओढला. काचेपलीकडे कात्री हेडफोन लावून बसला होता. इतक्या दिवसांत दोघं एकमेकांशी कामापुरतंही बोलली नव्हती. त्यानं लाल दिवा लावला आणि तिनं नेहमीच्या सुरात, गाडी सुटल्याचं सांगायची तसं, सांगितलं:

“तुमचा माणूस वारला आहे. तुम्हाला हे त्याच दिवशी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.”

एकाच दमात झालं. कुठे आवाज चिरकला नाही, कुठे श्वास अडकला नाही. बारा वर्षांत तिनं बोललेलं ते सगळ्यात स्वच्छ वाक्य होतं. साहेब पडद्यावर थोडा वेळ गोठले. नेट गेलं की साहेब गेले, ते कळेना. मग त्यांचे ओठ हलले, आणि मागून आवाज आला, की हे मंजूर वाक्य नाही, पुन्हा घ्या. कात्रीनं हात पुढे करून फोन पालथा घातला.

“हेच लावतो,” तो काचेतून म्हणाला. मग दार उघडून पुन्हा म्हणाला, नीट ऐकू यावं म्हणून. “हेच लावतो. तुझी शपथ. संध्याकाळपर्यंत लागेल.”

तिनं मान हलवली. बाकावरची माणसं हलवायची तशीच.

संध्याकाळी सहा वाजता ती बाबांच्या खाटेवर बसली. खोकं अजून दाराशीच होतं, तिनं त्यातून फक्त चष्मा काढून खिडकीत ठेवला होता. तिला कोणीतरी ते सांगायला हवं होतं. खिडकीतल्या माणसानं वही वाचून दाखवली होती, कात्रीनं यंत्र समजावलं होतं, पण तुझे बाबा गेले असं तिला अजून कोणीच म्हणालं नव्हतं. निदान ती बाई तरी म्हणेल. ती काय, नीट सांगते.

तिनं नंबर फिरवला. शून्य, चार, दोन, सात.

पलीकडे क्षणभर खरखर झाली. मग ती बोलली, नेहमीसारखी, घाई न करता, जणू जगात फक्त तिच्यासाठीच बोलत होती.

“आपल्या रुग्णाची प्रकृती स्थिर आहे. काळजी नसावी.”

आणि लाज वाटावी इतकं, क्षणभर तिला बरं वाटलं.